गंधक: त्याचीं रूपें, त्याचे उपयोग व त्याविषयीं सावधगिरी

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांना गंधक हा शब्द प्रथम पवित्र शास्त्रांतूनच परिचयाचा झाला असेल. उत्पत्तीच्या १९ व्या अध्यायांत सदोम व गमोरा या नगरांच्या नाशाच्या वृत्तांतांत गंधकाचा उल्लेख आहे, आणि प्रकटीकरणाच्या पुस्तकांतही तो न्यायदंडाचें चिन्ह म्हणून आला आहे. यामुळें गंधक म्हटला कीं दाह, दुर्गंध व नाश एवढेंच अनेकांच्या मनांत येतें. परंतु ज्याचें नांव ऐकून आपण भितों, तोच पदार्थ आपल्या केसांत व नखांत, कांद्यांत व मोहरींत, आगकाडींत, सायकलच्या धांवेंत आणि दवाखान्यांतील औषधांतही आहे. तो शत्रु आहे कीं मित्र, हें तो कोणत्या रूपानें आपल्यापुढें येतो यावर अवलंबून असतें. तें रूप आपणांस ओळखतां यावें, हाच या पाठाचा हेतु आहे. ही ओळख नसल्यामुळें आजही गरिबांचीं माणसें प्राणांस मुकतात. यासाठीं वाचकांनीं हा पाठ केवळ करमणूक म्हणून वाचूं नये, अशी आमची विनंति आहे.

१. गंधक म्हणजे काय?

सोनें, तांबें व लोखंड यांप्रमाणें गंधक हें एक मूलतत्त्व आहे. त्याचें कितीही पृथक्करण केलें तरी त्यांतून गंधकावांचून दुसरा पदार्थ निघत नाहीं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांनीं १७८९ सालीं आपल्या ग्रंथांत मूलतत्त्वांची जी यादी दिली, तींत गंधकाचा समावेश होता. आजच्या कोष्टकांत त्याचा क्रमांक १६ आहे.

शुद्ध गंधक पिवळा व ठिसूळ असतो. तो पाण्यांत विरघळत नाहीं. सुमारें ११५ अंश सेल्सियस उष्णतेवर तो वितळतो, आणि पेटला म्हणजे त्याची ज्योत निळी दिसते. गंध या शब्दावरून त्याला नांव पडलें खरें. तथापि शुद्ध गंधकाच्या खड्याला वास जवळजवळ नसतोच. तो जळाला म्हणजे, किंवा दुसऱ्या एखाद्या तत्त्वाशीं संयोग पावला म्हणजे वास उत्पन्न होतो.

वाचकांनीं त्याचीं चार रूपें मनांत ठेवावीं. पहिलें रूप पिवळ्या खड्याचें किंवा भुकटीचें. दुसरें रूप तो जाळल्यावर निघणाऱ्या, नाकाडोळ्यांस झोंबणाऱ्या धुराचें. तिसरें रूप गंधकाम्लाचें, ज्यास आपण तेजाब म्हणतों. चौथें रूप सडक्या अंड्यासारखा वास येणाऱ्या विषारी वायूचें. मूळ पदार्थ एकच. परंतु पहिलें रूप औषध होऊं शकतें, आणि चौथें रूप कांहीं क्षणांत माणसाचा प्राण घेतें.

२. बाजारांत व बोलण्यांत

काष्ठौषधींच्या दुकानांत आंवळसार गंधक मिळतो, हें पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु तेथील दुसऱ्या कित्येक पदार्थांतही गंधक लपलेला असतो. लाल हिंगूळ हा पारा व गंधक यांचा संयोग आहे. पिवळा हरताळ व तांबडी मनशीळ हे आर्सेनिक नांवाचें विषारी तत्त्व व गंधक यांचे संयोग आहेत. पूर्वीं हातानें पोथ्या लिहीत, तेव्हां चुकलेल्या अक्षरांवर हरताळाचा लेप देऊन तीं झांकून टाकीत. यावरूनच केलेलें काम पुसून टाकण्यास "हरताळ फासणें" असें आपण म्हणतों. बाजार बंद ठेवण्याचा हरताळ हा शब्द निराळा आहे.

काळा सुरमा हा पुष्कळदां शिसें व गंधक यांच्या संयोगाच्या दगडापासून केलेला असतो. त्यांतील शिसें लेंकरांच्या मेंदूस अपाय करितें. म्हणून आयाबहिणींनीं असला सुरमा तान्ह्या मुलांच्या डोळ्यांत कधींही घालूं नये. चांदीचे दागिने काळे पडतात तेंही हवेंतील व घामांतील गंधकयुक्त द्रव्यांमुळें. यांत दृष्ट लागण्याचा कांहीं एक संबंध नाहीं.

३. गंधक कोठून येतो?

ज्वालामुखीच्या तोंडाशीं व पृथ्वीच्या पोटांतील कांहीं थरांत गंधक मोकळा सांपडतो. एकोणिसाव्या शतकांत जगाला लागणाऱ्या गंधकाचा फार मोठा भाग इटली देशाच्या सिसिली बेटांतील खाणींतून येत असे. तेथें खोल भुयारांतून गंधकाचे दगड पाठीवर वाहून वर आणण्याचें काम लहान मुलगे करीत. मुलाच्या आईबापांना खाणींतील कामकरी कांहीं रक्कम आगाऊ देई, आणि ती फिटेपर्यंत मुलगा त्याच्याशीं बांधला जाई. मजुरी इतकी अल्प असे कीं, तें कर्ज वर्षानुवर्षें फिटत नसे. स्वतः गुलामगिरींत जन्मलेले अमेरिकेंतील शिक्षक बुकर टी. वॉशिंग्टन यांनीं १९१० सालीं त्या खाणी पाहिल्या, आणि १९१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्या मुलांचे हाल जगापुढें मांडले. आपल्या देशांत वेठबिगारी कायद्यानें बंद झाली ती १९७६ सालीं. सावकाराच्या उसनवारीपायीं ज्यांच्या वाडवडिलांचें आयुष्य दुसऱ्याच्या बांधावर गेलें, त्यांना सिसिलींतील त्या मुलांचें दुःख निराळें समजावून सांगावयास नको.

१८९४ सालीं अमेरिकेंतील लुइझियाना प्रांतांत हरमन फ्राश यांनीं एक नवी युक्ति यशस्वी केली. अतितप्त पाणी नळानें जमिनींत सोडून त्यांनीं गंधक आंतल्याआंत वितळविला, व तो रस नळावाटे वर आणिला. भुयारांत माणूस उतरविण्याचें कारणच राहिलें नाहीं. आज तर जगांतील बहुतेक गंधक खनिज तेल व नैसर्गिक वायु शुद्ध करितांना निघतो. जो गंधक पूर्वीं इंधनाबरोबर जळून हवेंत जात असे, तो आतां कारखान्यांतच वेगळा काढितात. भारतांत १ एप्रिल २०२० पासून पेट्रोल व डिझेल यांच्या दहा लाख भागांत गंधकाचे १० भागांहून अधिक असूं नयेत असा नियम आहे.

४. शेतांतील गंधक

द्राक्षाच्या पानांवर व मण्यांवर राखेसारखी पांढरी बुरशी येते, तिला आपण भुरी म्हणतों. युरोपांत हा रोग १८४५ सालीं प्रथम इंग्लंडांतील एका माळ्याच्या दृष्टीस पडला, आणि थोड्याच वर्षांत त्यानें फ्रान्स देशांतील द्राक्षमळे उजाड केले. तेव्हां गंधकाची बारीक भुकटी वेलींवर उडवून तो आटोक्यांत आणण्यांत आला. आज नाशिक व सांगलीकडील बागाईतदारही भुरीवर गंधक वापरितात. केवडा रोगावर वापरतात तें बोर्डो मिश्रण निराळें. त्यांत मोरचूद व चुना असतो, आणि मोरचूद हा तांबें, गंधक व प्राणवायु यांचा संयोग आहे.

परंतु येथेंही जाणतेपणा हवा. हवा सुमारें ३५ अंशांवर तापली असतां गंधक मारल्यास पानें व कोंवळे मणी करपतात. म्हणून सकाळीं किंवा सायंकाळीं फवारावें. तेलाचा फवारा नुकताच दिला असेल तर लागलीच गंधक देऊं नये. फवारणाऱ्यानें नाकातोंडावर फडकें बांधावें व डोळे जपावे. बाग मालकाची असली तरी डोळे मजुराचेच असतात, हें मालकानेंही ध्यानांत ठेवावें.

गंधक हें पिकांचें अन्नही आहे. भुईमूग, सूर्यफूल, मोहरी, डाळी व कांदा यांस तो विशेष लागतो. तो कमी पडला म्हणजे प्रथम शेंड्याकडील कोंवळीं पानें पिवळीं पडतात. नत्र कमी असेल तर प्रथम खालचीं जुनीं पानें पिवळीं होतात. एवढा एक भेद ओळखला तर शेतकऱ्याचा युरियावरील व्यर्थ खर्च पुष्कळ वांचेल. साध्या सुपर फॉस्फेट खतांत शेंकडा सुमारें ११ भाग गंधक असतो. जिप्समांतही तो असतो व त्याबरोबर भुईमुगाच्या शेंगा भरण्यास लागणारा चुन्याचा अंशही मिळतो. तथापि माती तपासून मगच खत घालावें, हें उत्तम.

५. शरीरांत व रोगांत

मोठ्या माणसाच्या शरीरांत सुमारें १४० ग्रॅम गंधक असतो. केस, नखें, लोकर व पिसें यांत तो अधिक असल्यामुळेंच केस जळतांना तसा उग्र दर्प येतो. हा गंधक आपणांस डाळी, अंडीं, दूध व मांस यांतून मिळतो. त्यासाठीं गंधकाची भुकटी खाण्याची गरज नाहीं, व कोणाच्या सांगण्यावरून ती खाऊंही नये.

खरूज हा रोग रक्त बिघडल्यानें किंवा कोणाच्या शापानें होत नाहीं. कातडींत बिळें करून राहणाऱ्या, डोळ्यांस क्वचितच दिसणाऱ्या एका बारीक जीवामुळें तो होतो. इटलींतील बोनोमो या वैद्यानें हें १६८७ सालींच दाखवून दिलें होतें. शेंकडा ५ ते १० भाग गंधक असलेलें मलम त्या जीवास मारतें. लहान मुलें व गरोदर स्त्रिया यांसही तें चालतें. आतां त्याहून सोपीं मलमेंही मिळतात. कोणतेंही मलम डॉक्टरांस विचारून लावावें. मात्र मुख्य गोष्ट ही कीं, एकट्या रोग्यास लावून भागत नाहीं. घरांतील सर्वांनीं एकाच वेळीं, मानेपासून पायांच्या बोटांपर्यंत लावावें, व अंथरूण-पांघरूण आणि कपडे कढत पाण्यांत धुवून उन्हांत वाळवावे. हें न केल्यामुळें खरूज घरांत फिरून फिरून येते, आणि लोक औषधास दोष देतात.

महारोग, ज्यास आज कुष्ठरोग म्हणतात, त्याची हकीकत याहूनही मोलाची आहे. डॅप्सोन हें औषध गंधकाच्या एका संयोगापासून झालेलें आहे. तें १९०८ सालीं जर्मनींत प्रथम तयार झालें. परंतु त्याचा कुष्ठावर उपयोग होईल हें तेव्हां कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. १९४१ सालीं लुइझियानांतील कारव्हिल येथें डॉ. गाय फॅजेट यांनीं त्याच वर्गांतील प्रोमिन हें औषध रोग्यांस दिलें व गुण दिसला. पुढें त्याच दशकांत मद्रासजवळील चिंगलपुट येथें डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनीं डॅप्सोनचे प्रयोग केले. १९८१ सालापासून जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणें डॅप्सोनबरोबर दुसरीं औषधेंही देतात. रोगाच्या प्रकाराप्रमाणें ६ किंवा १२ महिन्यांत रोग बरा होतो, आणि सरकारी दवाखान्यांत हें औषध फुकट मिळतें. ज्या रोग्यांस शतकानुशतकें गांवकुसाबाहेर ठेविलें, त्यांच्या सुटकेंत गंधकाचाही वांटा आहे. म्हणून अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा दिसला, व तेथें स्पर्श कळेनासा झाला, तर तो लपवूं नये. तत्काळ दवाखान्यांत जावें. मात्र चट्ट्यावर नुसता गंधक चोळल्यानें कुष्ठ बरें होत नाहीं. औषधाचा गुण त्या विशिष्ट संयोगाचा आहे, पिवळ्या खड्याचा नव्हे.

६. धूर आणि तेजाब

गंधकाच्या धुरानें किडे मरतात म्हणून कित्येक लोक बंद घरांत गंधक जाळतात. हें फार धोक्याचें आहे. तो धूर डोळ्यांतील व फुप्फुसांतील ओलाव्याशीं मिळून तेथेंच अम्ल होतो. दम्याच्या रोग्यास तो थोडाही सोसत नाहीं. १९५२ सालच्या डिसेंबर महिन्यांत लंडन शहरावर दगडी कोळशाचा गंधकयुक्त धूर व धुकें पांच दिवस कोंडून राहिलें, आणि तितक्यांत हजारों माणसें मृत्यु पावलीं.

साखर कारखान्यांत उसाचा रस स्वच्छ व पांढरा होण्यासाठीं याच धुराचा उपयोग करितात. बेदाणे पिवळेधमक दिसावे म्हणूनही त्यांस गंधकाची धुरी देतात. प्रमाणांत असेल तर निरोगी माणसास त्यापासून बहुधा बाधा होत नाहीं. परंतु गूळ जितका पिवळा व गोरा तितका चांगला, ही समजूत चुकीची आहे. तो रंग पुष्कळदां गंधकयुक्त भुकटी घालून आणिलेला असतो. तपकिरी गूळच बरा.

तेजाब हें गंधकाचें सर्वांत कामाचें व तितकेंच दाहक रूप आहे. खतें तयार करण्यांत त्याचा सर्वांत मोठा खर्च होतो. ट्रॅक्टरच्या बॅटरींतही तेंच असतें. तें पातळ करावयाचें झाल्यास पाण्यांत थोडें थोडें तेजाब घालावें. तेजाबांत पाणी कधींही ओतूं नये, कारण तें उसळून अंगावर येतें. अंगावर उडालें तर लागलीच वाहत्या पाण्याखालीं निदान २० मिनिटें धरावें, हळद किंवा तेल लावीत बसूं नये, आणि मग दवाखान्यांत न्यावें.

७. सडक्या अंड्याचा वायु

आतां ज्या रूपासाठीं आम्हीं हा पाठ मुख्यत्वें लिहिला, त्याकडे वळूं. घाण, मैला, शेण किंवा पालापाचोळा कोंडलेल्या जागीं सडतो, तेव्हां हायड्रोजन व गंधक यांच्या संयोगाचा एक वायु उत्पन्न होतो. हवेहून जड असल्यामुळें तो तळाशीं सांचतो. गटारांचीं भुयारें, संडासाच्या टाक्या, गोबरगॅसचीं टांकीं व घाणीनें भरलेले खड्डे हीं त्याचीं घरें होत. वज्रेश्वरी व गणेशपुरी परिसरांतील ऊन पाण्याच्या झऱ्यांशीं जो वास येतो तोही याच जातीचा. परंतु तेथें तो उघड्या हवेंत विरून जातो, म्हणून अपाय होत नाहीं.

या वायूचा कपटीपणा असा कीं, तो थोडा असतां त्याची दुर्गंधी येते. पण प्रमाण वाढलें म्हणजे नाकाची वास घेण्याची शक्तिच बधिर होते. उतरणाऱ्यास वाटतें, वास गेला, आतां भीति नाहीं. आणि त्याच वेळीं मृत्यु त्याच्याजवळ उभा असतो. त्याहून अधिक प्रमाण असल्यास एकदोन श्वासांतच माणूस कोसळतो. मग त्याचा भाऊ किंवा सोबती त्यास काढण्यासाठीं उतरतो व तोही पडतो. त्यामागून तिसरा जातो. एका घरच्या दोन-तीन माणसांचा एकाच टाकींत अंत झाल्याच्या बातम्या याच कारणानें वाचावयास मिळतात.

यासाठीं पुढील गोष्टी सर्वांनीं पाठ कराव्या. पैशाच्या किंवा ओळखीच्या भिडेस पडून मैल्याच्या टाकींत उतरूं नये. टाकी उपसण्याचें यंत्र मागवावें. आंत वायु आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं पेटता दिवा सोडूं नये, कारण हा वायु व त्याबरोबर असणारा दुसरा वायु पेट घेतात. कोणी आंत पडला तर त्यामागें उडी टाकूं नये. ११२ किंवा १०१ या क्रमांकावर कळवावें, झांकणें उघडून हवा खेळूं द्यावी, व दोर हातीं लागेल तर बाहेरूनच ओढावें. जवळच्या माणसाचा जीव जात असतां बाहेर उभें राहणें किती कठीण आहे, हें आम्ही जाणतों. परंतु प्रीतीनें उडी टाकणाऱ्याचेंही त्या वायूपुढें कांहीं चालत नाहीं, आणि मग एका घराऐवजीं दोन घरें उघडीं पडतात.

कायदाही या बाबतींत गरिबाच्या बाजूस आहे. २०१३ सालच्या कायद्यानें संरक्षक साधनांवांचून माणसाला गटारांत किंवा टाकींत उतरविणें हा गुन्हा ठरला आहे. अशा कामांत मृत्यु आल्यास कुटुंबास १० लाख रुपये भरपाई द्यावी असें सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं ठरविलें, आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें ती रक्कम ३० लाख केली. ज्यांना लिहितांवाचतां येतें त्यांनीं हें आपल्या गांवांतील सफाई करणाऱ्या घरांत जाऊन सांगावें. जो भुयारांत उतरतो त्याला बहुधा हें कोणी सांगितलेलें नसतें.

८. उपसंहार

सिसिलींतील मुलांनीं गंधकाचें ओझें वाहिलें, आणि आपल्या शहरांतील गटारांत त्याच गंधकाच्या वायूनें मजूर मरतात. त्याच गंधकानें द्राक्षमळे वांचले, खरूज बरी झाली, व कुष्ठरोग्यास घरीं परत येण्याची वाट मोकळी झाली. पदार्थ चांगला किंवा वाईट नसतो. त्याचें ज्ञान कोणापाशीं आहे, आणि ज्ञान नसल्याची किंमत कोण देतो, हा खरा प्रश्न आहे. ती किंमत आजवर गरिबानेंच दिली आहे. म्हणून हें ज्ञान प्रथम त्याच्या दारीं पोंहोंचविणें, हें आपणां शिकलेल्यांचें कर्तव्य आहे.

रात्रीच्या वर्गांत विचारण्याचे प्रश्न

१. गंधकाचीं चार रूपें कोणतीं? त्यांपैकीं आपल्या गांवांत कोणतीं आढळतात?
२. "हरताळ फासणें" या बोलण्याचा उगम काय?
३. नत्राची उणीव व गंधकाची उणीव पानांवरून कशी ओळखावी?
४. खरजेचें मलम घरांतील सर्वांनीं एकाच वेळीं कां लावावें?
५. चट्ट्यावर गंधक चोळल्यानें कुष्ठ कां बरें होत नाहीं? खरें औषध कोठें मिळतें?
६. टाकींतील दुर्गंधी एकाएकीं येईनाशी झाली तर काय समजावें?
७. सोबती टाकींत पडला असतां काय करावें व काय करूं नये? वर्गांतील प्रत्येकानें हें मोठ्यानें सांगावें.